सहा वह्या

दिवाळीची सुट्टी संपून नोव्हेंबर २०२५ मध्यें दुसरें सत्र सुरू व्हावयाचें होतें. त्याच्या आदल्या दिवशीं मातोश्रींनीं आमच्या हातीं पांचशें रुपयांची नोट व एक यादी दिली. दोनशें पानी सहा वह्या, एक कंपासपेटी, आलेखाचे कागद आणि धाकट्या बहिणीसाठीं खडूचे रंग, एवढेंच सामान. उरलेल्या पैशांचा हिशेब द्यावा, अशी आज्ञा होती. हिशेबांत आमची गति किती आहे हें आमचे वर्गबंधु जाणतातच.

चिंचवडगांवांतील आमच्या नेहमींच्या दुकानीं प्रथम गेलों. वहीवर छापील किंमत ५६ रुपये होती. ३३६ रुपये मोजून दिले. कंपासपेटी तेथें नव्हती, म्हणून स्टेशनाच्या बाजूस गेलों. पाहतों तों तेथें तीच वही, तेंच वेष्टन, पानेंही तितकींच, आणि किंमत मात्र ५० रुपये! मग पाय राहवेनात. पिंपरीच्या बाजारांत गेलों, तेथें तीच वही ४५ रुपयांस, पण डझन घेतलें तरच. एके ठिकाणीं तर "दोनशें पानी" म्हणून ४० रुपयांची वही आमच्या हातीं देण्यांत आली. सहज उलटून पाहिली, तों पाठीमागें बारीक अक्षरांत १७२ पानें असें छापलेलें! त्या दुकानदारास आम्हीं तें दाखविलें, तेव्हां तो नुसता हंसला.

एका वहीचे तीन भाव पाहून आमचें डोकें फिरलें. सहा वह्यांमागें छत्तीस रुपये गेले, आणि घरीं हिशेब द्यावयाचा! तसेच पहिल्या दुकानीं परत गेलों आणि भर गर्दींत म्हणालों, "काका, तुम्ही आम्हांला फसवलंत." दुकान एकदम शांत झालें. एका बाईंनीं हातांतील वह्या हळूच फळीवर परत ठेवल्या. दुकानदारांनीं चष्मा काढला व म्हणाले, "बाळ, छापलेल्या किमतीवर एक पैसा तरी घेतला का? हा माल ऑगस्टांत कर भरून आणलेला आहे. नवा आला कीं पन्नासनंच देईन." आम्हीं उत्तर दिलें नाहीं.

रात्रीं वडिलांस सर्व हकीकत मोठ्या आवेशानें सांगितली. ते बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, "२०२० सालीं टाळेबंदींत माझा कारखाना बंद होता. पगार नव्हता. तेव्हां तुझीं पुस्तकं, वह्या ह्याच माणसानं उधार दिल्या. दिवाळीपर्यंत एकदाही मागायला आला नाहीं." मातोश्रींनीं हिशेब विचारलाच नाहीं, हें आम्हांस अधिक जड गेलें.

दुसऱ्या दिवशीं गुरुजींस गांठलें. त्यांनीं सांगितलें कीं, २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर व खडूचे रंग यांवरील वस्तु व सेवा कर शून्य झाला. वह्यांवर तो पूर्वीं शेंकडा १२ होता. पन्नासावर शेंकडा बारा म्हणजे सहा. तेच ते ५६. कर विक्रीच्या दिवसाचा धरतात, खरेदीच्या नव्हे. म्हणून ते सहा रुपये गिऱ्हाइकास मिळावे हें आमचें म्हणणें अगदींच वेडेपणाचें नव्हतें. परंतु माल करमुक्त झाला म्हणजे दुकानदारानें पूर्वीं भरलेल्या कराची वजावट त्यास मिळत नाहीं, तो बोजा त्याच्याच डोक्यावर राहतो. छापलेली किंमत ही कमाल मर्यादा. तिच्यापेक्षां जास्त घेणें हा गुन्हा, कमी घेण्यास पूर्ण मोकळीक. म्हणूनच डझनाचा भाव निराळा. ह्या छापील किमतीची सक्ति आपल्याकडे १९९० पासूनची आहे. गुरुजींनीं ओघानें असेंही सांगितलें कीं, सतराव्या शतकांत इंग्लंडांतील क्वेकर पंथाचे दुकानदार घासाघीस न करितां एकच भाव सांगत, आणि लोक त्यांच्याकडे लहान मुलासही बेलाशक सौदा आणावयास पाठवीत. आम्हांस त्या लोकांचा हेवा वाटला.

कोणाचें बरोबर हें गुरुजींनीं सांगितलें नाहीं, व आम्हींही विचारलें नाहीं.

चार दिवसांनीं आलेखाचे कागद आणण्याच्या निमित्तानें पुन्हां त्या दुकानीं गेलों. (ते कागद पहिल्या दिवशीं रागाच्या भरांत आणावयाचे राहूनच गेले होते.) फळीवर नव्या वह्यांचा गठ्ठा होता; किंमत ५० रुपये. जुना गठ्ठाही शेजारींच होता, आणि त्यावर शाईनें ५६ खोडून ५० लिहिलेलें होतें. आम्ही पाहतच राहिलों. काकांनीं कागदांचे पैसे घेतले, सुटे मोजून दिले. "त्या दिवशीं..." असें आम्ही कसेंबसें म्हणालों, तोंच मागून एका लहान मुलानें दोन रुपयांचें नाणें पुढें करून खोडरबराचा भाव विचारला, आणि काका त्याच्याकडे वळले.