अस्वलाचें मौन

गेल्या पावसाळ्यांत मीं तीन आठवडे अस्वल होऊन काढले. वाचकांनीं दचकण्याचें कारण नाहीं. मी महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविणारा निरुपद्रवी गृहस्थ आहें. तीस वर्षें वर्गांत मोठ्यानें बोलून माझ्या स्वरतंतूंवर गांठी आल्या, त्या काढाव्या लागल्या, आणि त्यानंतर डॉक्टरांनीं संपूर्ण मौन सांगितलें; कुजबुजसुद्धां नको. घरांत कित्येक वर्षांनीं पाटी आली. मुलगा सुटींत घरीं होता. त्यानें माझी दशा पाहून आपला संगणक माझ्यापुढें ठेवला आणि म्हटलें, "बाबा, येथें बोलावें लागत नाहीं."

खेळाचें नांव 'डायब्लो २'. मूळ खेळ २००० सालचा, 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' ही त्याची पुरवणी २००१ सालची, आणि २०२१ सालीं त्याला नवें रंगरूप मिळालें. नरकांतून सुटलेल्या पिशाचांशीं झुंजत देशोदेशीं फिरावें, एवढेंच कथानक. पात्रांच्या रांगेंत 'ड्रुइड' हें नांव दिसलें आणि माझें बोट थांबलें, कारण ही मंडळी माझ्या जुन्या ओळखीची. गॉलच्या युद्धांचा वृत्तांत लिहितांना सीझरनें त्यांच्याविषयीं सांगितलें आहे कीं त्यांचे कांहीं शिष्य वीस वीस वर्षें पाठांतर करीत राहत, आणि ती विद्या लिहून ठेवणें ते अधर्म मानीत. आपल्या वेदपाठी घराण्यांची आठवण व्हावी असा हा प्रकार. ज्याचें सर्वस्व जिभेवर, असा हा मनुष्य. मीं तोच घेतला.

खेळांतल्या ड्रुइडाला तीन विद्या येतात. अग्नि आणि वारा यांचे मंत्र ही एक. पशुपक्ष्यांना व वनांतल्या दैवतांना पाचारण करणें ही दुसरी. आणि लांडग्याचें वा अस्वलाचें रूप घेणें ही तिसरी. पहिल्या दोन वाणीच्या, तिसरी देहाची, आणि रचणाऱ्यांनीं त्यांच्यामध्यें भिंत घातली आहे. रूप घेतलें कीं बहुतेक सारे मंत्र मिटतात. 'ओक सेज' म्हणून एक तरंगणारा तेजाचा गोळा आहे. मीं त्याला ओक ऋषि म्हणूं लागलों. तो जवळ असला कीं आपलें आणि सोबत्यांचें प्राणबळ वाढतें. पण त्याला बोलवावयाचें तें माणूस असतांना; मग अस्वल व्हावयाचें. ऐन झुंजींत ऋषि मारला गेला तर पुन्हां माणूस व्हा, मंत्र म्हणा, पुन्हां अस्वल व्हा. हा मधला क्षण फार वाईट. ऋषीनें दिलेलें बळ गेलेलें, अस्वलाचेंहि गेलेलें, आणि भोंवतीं पिशाचें. मी बहुतेक वेळां तेथेंच मेलों.

रूपाला मुदतहि असते. 'लायकॅन्थ्रपी' नांवाची विद्या वाढविली म्हणजे ती लांबते. हा शब्द ग्रीक; लांडगा आणि माणूस यांचा समास. ओव्हिडच्या काव्यांत लायकॉन राजाचा लांडगा होतो तेव्हां तो बोलूं पाहतो, पण तोंडून निघतें तें केवळ विव्हळणें. आपला मारीच याच्या अगदीं उलट. सोन्याचा मृग झाला तरी वाणी त्याच्या स्वाधीन; मरतां मरतां तो रामाच्या आवाजांत हांक मारतो आणि त्या एका हांकेनें सारें रामायण पालटतें. एरव्हीं या भेदावर मीं वर्गांत तासभर बोललों असतों. त्या दिवसांत पाटी मांडीवर घेऊन मी लायकॉनाच्या पंक्तीला बसलों होतों. खरें सांगावयाचें तर मला भीति वाटत होती. आवाज परतलाच नाहीं, तर उरेल तो कोण?

एका रात्रीं मुलानें मला एक गंमत दाखविली. अस्वल पंजानें मारतें. त्याच्या हातांत कांहीं दिसत नाहीं. परंतु आघाताचा हिशेब खेळ माणसाच्या हातांतील शस्त्रावरून करतो. रूप घेण्याआधीं जड घण उचलला असेल तर पंजाहि जड पडतो. मी बराच वेळ तसाच बसून राहिलों.

दुसऱ्या दिवशीं एक विद्यार्थिनी प्रबंधाचें प्रकरण घेऊन आली. मी बोलत नाहीं म्हणून तीच बोलत राहिली, चांगले दोन तास. मीं पाटीवर एकंदर चार शब्द लिहिले. जातांना तिनें प्रकरण आपलें आपणच मोडून नव्यानें लावलें होतें. आवाज असता तर मीं तिला इतकें बोलूं दिलें असतें कीं नाहीं, याची मला शंकाच आहे.

२०२३ सालीं आलेल्या चौथ्या भागांत ती भिंत पाडली आहे. तेथें अस्वलाचा फटका मारावा तों देह आपोआप अस्वलाचा होतो, आणि वादळाचा मंत्र टाकावा तों आपोआप माणसाचा. मुलाला तें फार पसंत. दिसतेंहि सुरेख. मला मात्र अंगरखा बदलल्यासारखें वाटलें. म्हाताऱ्याचा हट्ट म्हणा. मी जुन्या खेळाकडेच परतलों.

तीन आठवड्यांनीं डॉक्टरांनीं मला एक स्वर काढावयास सांगितलें. आवाज आला; पूर्वीचा नव्हे, जरा खालचा, आणि शेवटच्या बांकापर्यंत न पोंचणारा. वर्गांत गेलों, हजेरीपुस्तक उघडलें, आणि पहिलें नांव घेण्याआधीं थांबलों. ऋषि गेलेला, अस्वल उतरलेलें, मंत्र अजून तोंडांत यावयाचा, असा तो क्षण होता. मागल्या बांकांवरचीं मुलें आपण होऊन उठलीं आणि पुढें येऊन बसलीं.