भिंतीचे ऐका, मग रंग घ्या

थोरल्या मुलीचा साखरपुडा 2022 च्या मे महिन्यात ठरला आणि घरात एकच धावपळ उडाली. पाहुणे पुण्याचे, मुलगा कंपनीत नोकरीला. नगर शहराच्या कडेला आमचे दोन खोल्यांचे घर. पुढच्या खोलीच्या डाव्या भिंतीला मांडीइतक्या उंचीपर्यंत लोणा लागलेला. रंगाचे पोपडे सुटायचे, पांढरी भुकटी खाली पडायची आणि आमची सौ. रोज सकाळी ती झाडून काढायची. पाहुणे दारातून आत आले की पहिली नजर त्याच भिंतीवर जाणार! म्हणून मी ऑफिसच्या पतसंस्थेतून 15,000 रुपये कर्ज उचलले आणि ठरवले की, यंदा हलका रंग आणायचाच नाही. दुकानात असेल त्यातला चांगला रंग घ्यायचा.

वस्तीतल्या रंगकाम करणाऱ्या मिस्त्रींना बोलावले. साठीला आलेला माणूस. उभा जन्म लोकांची घरे रंगवण्यात गेला. मी त्यांच्यापुढे रंगांचे कार्ड धरले, पण त्यांनी ते पाहिलेसुद्धा नाही. भिंतीवर तळहात ठेवला, बोटाने ठोकून आवाज ऐकला आणि पलीकडच्या न्हाणीत जाऊन आले.

“भाऊसाहेब, ही भिंत पाणी पिती. आधी न्हाणीचं काम करा. खालचं प्लास्टर काढून टाका, दीड-दोन महिने भिंत वाळू द्या. मग सांगाल तो रंग मारतो.”

“मिस्त्री, साखरपुडा पंधरा दिवसांवर आलाय.”

“मग ह्या भिंतीला नुसता चुना मारू. बाकीच्या तीन भिंतींना भारी रंग देऊ.”

तीन भिंती गुळगुळीत आणि चौथीला चुना! पाहुणे काय म्हणतील? मला राग आला. आतून आई म्हणाली, “आरं, त्यो खरं सांगतोय. भितीला हात लावून बघ.” मी दोघांचेही ऐकले नाही. दुसरा माणूस बोलावला. त्याने लोणा खरवडला, पुट्टी भरली, प्रायमर मारला आणि महागड्या प्लास्टिक इमल्शनचे दोन हात दिले. भिंत आरशासारखी दिसू लागली. साखरपुडा थाटात झाला. फोटोत ती भिंत फारच सुंदर आली आहे.

ऑगस्टमध्ये त्याच भिंतीवर भाजल्यासारखे फोड आले. एक फोड बोटाने दाबला, तर वीतभर रंग पुट्टीसकट हातात आला. कर्जाचे हप्ते अजून चालू होते.

पैसे गेले त्याचे दुःख होतेच. पण त्याहून जास्त टोचली ती दुसरी गोष्ट. मी चळवळीत काम करतो. श्रमाला प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, हाताने काम करणाऱ्याच्या ज्ञानाला मान मिळाला पाहिजे, असे सभांतून बोलतो. आणि माझ्याच वस्तीतला एक कामगार माझ्याच घरात उभा राहून त्याच्या आयुष्यभराचे ज्ञान सांगत होता, तेव्हा बी.कॉम. झालेला कारकून आडवा आला. दुकानदाराचे छापील कार्ड मला त्या माणसाच्या तळहातापेक्षा खरे वाटले.

माझी आई निरक्षर आहे, पण भिंत तिला कळते. आम्ही मूळचे पाथर्डी तालुक्यातले. लहानपणी आमचे घर धाब्याचे, भिंती पांढऱ्या मातीच्या. आई-वडील ऊसतोडीला जात. कारखान्याचा पट्टा पडला की गावी परत येत, आणि 14 एप्रिलच्या आधी घराला हात फिरवणे हे आईचे पहिले काम असे. भिंतीच्या भेगा माती-शेणाने लिंपायच्या, ते पूर्ण वाळू द्यायचे, मग भिजवलेल्या चुन्यात थोडी नीळ टाकून कुंचल्याने दोन हात द्यायचे. ओल्या भिंतीला तिने कधी चुना लावला नाही. हे शास्त्र ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती.

शेवटी मी मिस्त्रींच्या घरी गेलो. त्यांनी टोमणा मारला नाही. चहा पाजला आणि सगळे समजावून सांगितले. वाचक बंधू-भगिनींनो, ते आपल्यापैकी अनेकांच्या उपयोगाचे आहे म्हणून येथे देतो.

लोणा म्हणजे क्षार. ते जमिनीत असतात, विटेत असतात, आणि बांधकामाला खारे पाणी वापरले असेल तर त्यातूनही येतात. ओल लागली की क्षार पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर भिंतीच्या पृष्ठभागापर्यंत येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहून त्यांचे खडे बनतात आणि तेच वरचा रंग ढकलून देतात. इमल्शन किंवा ऑइलपेंट म्हणजे भिंतीवर चढवलेला पातळ पापुद्राच. ओल्या भिंतीवर तो जितका घट्ट, तितकी आतली ओल कोंडते. चुन्यातून मात्र भिंतीची वाफ बाहेर पडते. म्हणजे मिस्त्री मला हलके काम सुचवत नव्हते. त्या भिंतीला त्या दिवशी चुनाच योग्य होता.

भिंत ओली आहे का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. कागदाच्या आतल्या बाजूला दव धरले किंवा खालची भिंत काळपट झाली, तर रंगाचा विचार पुढे ढकलावा. नवीन सिमेंट प्लास्टरलाही निदान 28 दिवस द्यावेत. लोणा कोरड्या ब्रशने झाडावा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा भिंतीत मुरतात. जुन्या भिंतीवर हात घासून पाहावा. हाताला पांढरी पूड लागली तर जुना चुना किंवा डिस्टेंपर नीट खरवडल्याशिवाय नवा रंग धरणार नाही. चुन्यावर थेट इमल्शन मारले तर पोपडे ठरलेलेच.

मग रंग कोणता घ्यावा? भिंत कोरडी असेल आणि पैसे बेताचे असतील तर ऑइलबाउंड डिस्टेंपर चालतो. ओल्या फडक्याने हळुवार पुसला तर टिकतो, पण पुन्हा पुन्हा घासला तर निघतो. साधा कोरडा डिस्टेंपर पुसताही येत नाही. लहान मुलांचे हात लागतात ती खोली, पलंगामागची भिंत, स्वयंपाकाची जागा येथे धुता येणारे इमल्शन परवडते, कारण तेलाचे, हळदीचे डाग पुसता येतात. छताला कोणी हात लावत नाही, तिथे साधा पांढरा पुरतो. सगळ्या घराला एकच महाग रंग लावण्याची गरज नाही. खोलीत उजेड कमी असेल तर फिका रंग घ्यावा. कार्डावरचा रंग भिंतीवर गडद दिसतो, म्हणून आधी हातभर जागेत लावून दिवसा आणि ट्यूबलाइटच्या उजेडात पाहावा.

आता हिशेब. खोली 10 फूट लांब, 10 फूट रुंद आणि 10 फूट उंच धरली तर चार भिंती 400 चौरस फूट झाल्या. दार-खिडकी वजा करून साधारण 365 राहतात. डब्यावर एका लिटरमध्ये दोन हात किती चौरस फूट होतात ते छापलेले असते. ते 100 असेल तर 4 लिटरचा डबा पुरतो. खडबडीत भिंत जास्त पिते. डबा सीलबंद आहे ना, तारीख जुनी नाही ना, हे पाहावे आणि आपल्यासमोर उघडावा. डब्यावर सांगितले त्यापेक्षा जास्त पाणी घातले तर चांगला रंगही हलका होतो. मशीनवर बनवलेली छटा एकदमच घ्यावी. नंतर आणलेल्या डब्यात थोडा फरक पडू शकतो.

कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला होता. वस्तूची किंमत ती किती वर्षे टिकते यावर पाहायची. समजा, हलका रंग मजुरीसह 4,000 रुपयांत झाला आणि 2 वर्षे टिकला, तर वर्षाला 2,000 पडले. चांगला रंग 7,000 रुपयांत झाला आणि 5 वर्षे टिकला, तर वर्षाला 1,400. पण भिंत ओली असेल तर हा सगळा हिशेब फसतो. माझा महागडा रंग चार महिनेही टिकला नाही. वर्षाचा दर काढायची मला लाज वाटते.

आणखी एक गोष्ट मिस्त्रींनी सांगितली, ती पैशापेक्षा मोठी आहे. पूर्वी रंगात, विशेषतः दारा-खिडक्यांच्या पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइलपेंटमध्ये, शिसे असे. शिसे मुलांच्या मेंदूला बाधते आणि रंगाऱ्यांच्याही शरीरात साठते. रंगकामगारांना शिशाच्या सफेद्यापासून वाचवण्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1921 सालीच करार केला होता. अमेरिकेने 1978 मध्ये घरगुती रंगातील शिशावर बंदी आणली. आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसे असू नये, असा नियम लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या जुन्या दारांवर ते असू शकते. अशी दारे कोरड्या पॉलिश पेपरने घासू नयेत, ओली करून घासावीत. त्या वेळी लहान मुले आणि गरोदर बाया तिथे नकोत. पडलेले पोपडे ओल्या फडक्याने गोळा करावेत. घासणाऱ्याच्या नाका-तोंडाला चांगला मास्क द्यावा. मिस्त्री म्हणाले, “आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तोंडाला रुमालसुद्धा न बांधता दारं घासली.” हे सांगताना ते दोनदा खोकले.

2023 च्या उन्हाळ्यात आम्ही न्हाणीचा उतार बदलला, फुटका पाइप काढला, भिंतीचे खालचे प्लास्टर तीन फुटांपर्यंत काढून नवे केले. त्या वर्षी त्या भिंतीला नुसता चुना दिला. आईने त्यात चिमूटभर नीळ टाकली. पुढच्या उन्हाळ्यात प्लास्टिकचा कागद लावून पाहिला, तो कोरडा निघाला. तेव्हा चुना खरवडून मिस्त्रींनी प्रायमर आणि इमल्शन मारले. भिंत अजून जशीच्या तशी आहे.

काम झाल्यावर मी त्यांना मजुरीशिवाय 500 रुपये जास्त देऊ लागलो. “हे कशाचे?” त्यांनी विचारले. “दोन वर्षांपूर्वी सल्ला दिला होता, त्याचे.” ते हसले आणि पैसे परत माझ्या खिशात ठेवले. म्हणाले, “राहू द्या भाऊसाहेब. दुसऱ्यांना सांगा म्हणजे झालं.”

म्हणून हे लिहिले. घर रंगवायचे असेल तर दुकानात जाण्याआधी आपल्या वस्तीतल्या रंगाऱ्याला घरी बोलवा, बसायला खुर्ची द्या, भिंत दाखवा. आणि तो जे सांगेल ते पुरते ऐकून घ्या.