मागणीवाचून काढलेले चित्र

परवा माळ्यावरचे सामान उतरविताना जुन्या हिशेबाच्या वह्या हाती लागल्या. माझ्या चाळीस वर्षांच्या चित्रकलेचा सारा जमाखर्च त्यांत आहे. ‘कै. वडील. अर्धे अंग. टोपीऐवजी फेटा काढणे.’ ‘कै. मातोश्री. कपाळी कुंकू काढणे. फोटोत नसलेल्या पाटल्या काढणे.’ अशा नोंदींनी पानेच्या पाने भरली आहेत. दिवंगतांच्या छायाचित्रांवरून तैलचित्रे करून देणे हा १९६८ पासून माझा व्यवसाय होता. छायाचित्रावर चौकटी आखावयाच्या, कापडावर तितक्याच चौकटी मोठ्या करून आखावयाच्या आणि एकेका चौकटीतील ऐवज इकडून तिकडे न्यावयाचा. गिऱ्हाइकाने डोळे पुसत ‘अगदी बाबाच!’ म्हटले, की माझे काम पुरे होई.

पुढे यंत्राने मोठी चित्रे छापून मिळू लागली आणि हा धंदा बसला. त्या वेळी, खरे सांगावयाचे तर, मला दुःखाबरोबर थोडा आनंदही झाला. आता आपल्या मनातले चित्र काढू, असे म्हणून मी मोठे कापड ताणून घेतले, रंग मांडले आणि तीन दिवस त्यापुढे नुसता बसून राहिलो. काय काढावे हे सांगणारे कोणी नव्हते, म्हणून काही सुचतही नव्हते. गिऱ्हाईक दुकानातून गेले होते, पण हातातून गेले नव्हते.

त्या दिवसांत मला मकबूल फिदा हुसेन यांची वारंवार आठवण होई. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरास वाढलेले हुसेन ऐन तारुण्यात मुंबईस आले व सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरू लागले. पुढे संसाराची जबाबदारी आल्यावर त्यांनी मुलांची खेळणी आणि मुलांच्या खोलीतील लाकडी सामान यांचे नमुने तयार करण्याची नोकरीही केली. १९४७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांचे चित्र लोकांच्या नजरेत भरले आणि सूझांनी पुढाकार घेऊन काढलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ते सामील झाले. एवढे वाचून कोणासही वाटेल, की त्यांनी धंदा टाकला आणि त्यांना कला सापडली.

पण हा हिशेब इतका सरळ नसावा. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे १९५५ सालचे ‘जमीन’ हे चित्र आहे. त्याची उंची सुमारे ३ फूट आणि लांबी सुमारे १८ फूट. त्यापुढे उभा राहिलो तेव्हा मला प्रथम आठवला तो सिनेमाचा फलकच! फलक रंगविणारा पराचीवर चढलेला असतो. नाकासमोर एखादा गाल किंवा भुवईच तेवढी दिसते. सबंध चेहरा त्याला मनात धरून ठेवावा लागतो, आणि रेषा अशी ओढावी लागते की ती रस्त्यापलीकडूनही ओळखू यावी. ती रेषा हुसेनांनी टाकून दिली नाही. १९४८ साली दिल्लीतील प्रदर्शनात मथुरेची शिल्पे व बसोलीची लघुचित्रे पाहून त्यांच्या दृष्टीला नवे वळण लागले, आणि धंद्यात तयार झालेला हात त्यांनी त्या दृष्टीच्या सेवेस लावला. माझाही हात तयार होता. त्याला नेमून द्यावे असे स्वतःचे काम मात्र माझ्यापाशी नव्हते.

हुसेन अगदी तान्हे असताना त्यांची आई वारली. तिचे एकही चित्र मागे राहिले नव्हते, आणि तिचा चेहरा त्यांना आठवत नसे. त्यांच्या कितीतरी स्त्रियांना चेहरा नाही. मदर तेरेसांच्या चित्रांतही निळ्या काठाचे पांढरे लुगडे असते, आणि तोंडाच्या जागी काहीच नसते. ही हकीकत वाचून मी ओशाळलो. असा माणूस माझ्या दुकानी आला असता, तर ‘फोटो नसेल तर जमणार नाही’ असे सांगून मी त्याला परत पाठविले असते.

माझ्या वह्यांत आमच्या आईचे नाव कोठेच नाही. तिचे चित्र कोणी मागितले नाही, म्हणून ते निघाले नाही. घरात तिचा एकच फोटो आहे. त्यात ती भेदरल्यासारखी बसली आहे. जित्या सवयीने मी त्यावर चौकटी आखल्या, कापडावर चेहरा उतरविला, आणि पुसून टाकला. हुबेहूब होता, पण ती आमची आई नव्हती. मग आठवले, दुसऱ्यांच्या आया रंगवीत मी रात्री जागत असे, तेव्हा वीज गेली की ती कंदील धरून माझ्या उजव्या हाताशी उभी राही. मी कापडाकडे पाहत असे. तिच्याकडे मान वळवून कधी पाहिलेच नाही. म्हणून मला आठवतो तो तिचा हात आणि कापडावर पडलेला उजेड. तेवढेच मी काढावयास घेतले.

काल आमची मंडळी चहा घेऊन आली आणि चित्रापुढे थबकली. “तोंड नाही काढलंत?” तिने विचारले. मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “कंदील मात्र सासूबाईंचाच. काच अशीच तडकलेली होती.”