बोंडे फोडल्याशिवाय निष्कर्ष नाही

कपाशीवर तीन बोंडअळ्या येतात: हिरवी, ठिपक्यांची आणि गुलाबी. हिरवी अळी पाती-बोंडे कुरतडताना बाहेरून दिसते, झाडावरच मोजता येते. गुलाबी अळी अंड्यातून निघाल्यावर लवकरच बोंडात शिरते, शिरलेले छिद्र बुजते आणि बोंड वरून निरोगी दिसत राहते. त्यामुळे तिच्यावरील कीटकनाशकाची चाचणी फार किचकट असते. विदर्भातील कोरडवाहू कपाशीत अशा चाचण्यांवर काम करताना प्रस्तुत लेखकाचा बहुतेक वेळ गेला तो बोंडे फोडण्यात. फवारणी त्यामानाने लवकर उरकते.

चाचणीसाठी शेताचे सारख्या आकाराचे प्लॉट पाडतात. कोणत्या प्लॉटला कोणते औषध, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. प्रत्येक औषध तीन-चार ठिकाणी येते आणि प्रत्येक गटात एक प्लॉट न फवारता ठेवतात. हा मोकळा प्लॉट फार मोलाचा. पाऊस, ऊन किंवा मित्रकीटकांमुळे अळी आपोआप घटली, तर ते तिथेच कळते. नाहीतर सारे श्रेय औषधाला जाते. वाऱ्याने फवारा शेजारी उडतो, म्हणून कडेच्या ओळी नोंदीत धरत नाहीत. पहिली मोजणी फवारणीच्या आदल्या दिवशी, पुढच्या साधारण तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी होतात.

मोजणीसाठी प्रत्येक प्लॉटमधून हिरवी बोंडे तोडून आणतात. अंगठ्याने दाबून बोंड उकलले की आधी कप्प्याच्या आतल्या भिंतीकडे पाहायचे. तिथे चामखिळीसारखी बारीक गाठ असेल, तर अळी तिथूनच आत शिरलेली असते. मग ओली रुई बाजूला करून सरकी तपासायची. लहान अळी पांढरट असते, गुलाबी रंग मागाहून चढतो. अनुभवी मजूर बायकांच्या नजरेतून ती सहसा सुटत नाही. नवख्याच्या हातून मात्र हमखास निसटते. अळी जिवंत आहे की मेलेली, हेही लिहावे लागते.

प्रोफेनोफॉससारखे औषध पृष्ठभागावरच्या अंड्यांवर आणि नुकत्या निघालेल्या अळ्यांवर चालते; बोंडात बसलेल्या अळीपर्यंत ते फारसे पोचत नाही. एकच औषध वेळेवर फवारले तर गुणकारी ठरते, आठवडाभर उशिरा फवारले तर कुचकामी. म्हणून कामगंध सापळ्यांवर लक्ष ठेवतात: सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग सापडले, की फवारणीची वेळ आली. सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधे पतंगांवर जोरदार चालतात, पण हंगामाच्या सुरुवातीला वापरली तर पांढरी माशी उसळते. म्हणून चाचणीत ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटकही मोजावेत, असा लेखकाचा आग्रह आहे.

बोंडअळीला मारणारे जनुक असलेली बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दोन जनुकांची २००६ मध्ये. गुलाबी अळीने दोन्हींना दाद देणे सोडले आणि २०१७ मध्ये विदर्भात तिचा उद्रेक झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. औषधांची मनमानी मिसळ कोणत्याही चाचणीत तपासलेली नसते. ती करू नये.

फवारणी ठरवण्याआधी शेतकऱ्यांनी एकरी २० हिरवी बोंडे वेगवेगळ्या झाडांवरून तोडून फोडावीत. दोन किंवा अधिक बोंडांत जिवंत अळी सापडली, तरच पंप खांद्याला लावावा, आणि तोही हातमोजे व मास्क घालून.