वीस भिक्खू, पाच माणसं

दिंडोरीहून नाशिकची एसटी धरली तेव्हा पाच जणांत पूर्ण तिकीट फक्त माझं निघालं. आई पंच्याहत्तरीच्या पुढची, तिला एसटी फुकट. बायको आणि थोरली लेक यांना महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत. धाकटा दहा वर्षांचा, त्याचंही अर्धं. कंडक्टरने माझं तिकीट फाडताना माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं.

मुलांना खरं तर अजिंठा-वेरूळ बघायचं होतं. पाठीवर सॅक टाकून, मोबाइलमधली माणसं फिरतात तसं. मी कागद घेऊन बसलो. गाडी, लॉज, दोन वेळचं जेवण. आकडा बघून कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, घरापासून तीसेक किलोमीटरवर चोवीस लेणी पडलीयत, आधी ती बघू. बजेट हजार रुपये, त्यावर एक पैसा नाही. सॅक विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. शाळेच्या दप्तरांतून वह्या-पुस्तकं काढून भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कांदे आणि पाण्याच्या बाटल्या भरल्या. धाकट्याच्या दप्तराच्या तळाशी पेन्सिलीचा भुगा राहिला होता, तो एका भाकरीला लागला. ती मी खाल्ली.

म्हसरूळला डाव्या-उजव्या खिडकीचं भांडण चाललेलं असतानाच चामरलेणीचा डोंगर आला. जैनांचं गजपंथ तीर्थ ते. चारशेहून जास्त पायऱ्या आहेत म्हटल्यावर आईने नुसता हात जोडला आणि म्हणाली, “इथूनच पावलं रे बाबा.” नाशिकात उतरून शहर बस बदलली आणि मुंबईच्या रस्त्याला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी पोहोचलो.

या लेण्यांशी पांडवांचा काही संबंध नाही. कुठल्याही दगडी गुहेचं पालकत्व पांडवांना देऊन मोकळं व्हायची आपली जुनी पद्धत. शिलालेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी आहे, आणि लेणी बौद्ध भिक्खूंसाठी खोदलेली, दोन हजार वर्षांपासूनची. इथे पायऱ्या दोनेकशेच. आई चढली. मधे तीनदा बसली, प्रत्येक वेळी “पाय नाही, दम लागतो” असं सांगून.

श्रावणातला रविवार, वरून कातळ पाझरत होता. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीपुढे दगडातून अर्धवट वर आलेले सहा धिप्पाड यक्ष आहेत. सगळं लेणं त्यांनीच खांद्यावर तोललंय असं वाटावं. धाकटा म्हणाला, “यांनी पण सॅक घेतलीय.” ते लेणं गौतमी बलश्रीचं. सातवाहनांचा राजा गौतमीपुत्र सातकर्णी याची ती आई. मुलाच्या मागे नातवाच्या राज्यात तिने ते दान दिलं आणि मुलाच्या पराक्रमाचा भलामोठा लेख भिंतीवर कोरून घेतला. आईला हे सांगितलं तर तिने लेखावरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, “पोरगा गेल्यावर लिहिलं होय.” पुढे काही बोलली नाही.

माझा जीव मात्र दहाव्या लेण्यात अडकलेला असतो. त्याच्या ओसरीत उषवदाताचा लेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा जावई. ब्राह्मी मला वाचता येत नाही. वाचनालयातल्या पुस्तकातून भाषांतर उतरवून नेलं होतं. लेखात लढाया नाहीत, हिशेब आहे. उषवदाताने तीन हजार कार्षापण नाणी गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेव ठेवली. दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक व्याज, हजारावर शेकडा पाऊण. पहिल्या व्याजातून या लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्खूंना कपड्यासाठी प्रत्येकी बारा कार्षापण, दुसऱ्यातून त्यांचा इतर खर्च. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच फक्त वापरायचं. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि फलकावर नोंदवलं, असंही पुढे लिहिलंय. गोवर्धन हे गाव आजही गंगापूर रोडला आहे.

थोरली आठवीत. तिला म्हटलं, ताळा कर. तिने ओलसर दगडावर बोटाने आकडे मांडले. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, भागिले वीस. “बारा. बाबा, बरोबर येतंय!” तिचा चेहरा मला अजून दिसतो. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी केलेलं गणित सुटलं याचा आनंद वेगळा असतो, इतिहासाच्या पुस्तकातल्या सनावळीला तो नाही.

आत भिंतीच्या कडेने भिक्खूंच्या खोल्या. खोली म्हणजे एक माणूस आडवा होईल एवढी जागा आणि निजायला दगडाचाच ओटा. अशा दोन खोल्या उषवदाताच्या बायकोने, दक्षमित्रेने दिल्या, तसं दारांवर लिहिलंय. अठरावं लेणं, ते चैत्याचं, त्याच्या दारावर तर धंभिक नावाच्या गावाच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे वर्गणी. आपल्याकडे मंदिराच्या सभामंडपाला गाव पैसे काढतं आणि पायरीवर नावं घालतं, तसंच. राजांची नावं अभ्यासक लक्षात ठेवतात. मला त्या गावातल्या वर्गणी मागायला फिरलेल्या माणसाचं कुतूहल वाटतं. कुणीतरी त्यालाही “पुढच्या हंगामाला देतो” म्हणून परत पाठवलं असेलच.

दुपारी एका ओसरीच्या कोपऱ्यात भाकऱ्या सोडल्या. शेजारी कॉलेजची पोरं मोबाइलवर गाणं लावून व्हिडिओ काढत होती. आई जेवून एका खोलीतल्या ओट्यावर जाऊन बसली, मग पदर डोक्याखाली घेऊन चक्क आडवी झाली. थोड्या वेळाने तिथूनच तिने विचारलं, “त्या विणकऱ्यांकडची ठेव. ती पुढं मिळाली का रे त्यांना?”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. द्राक्षाचे दोन हंगाम साधले होते तेव्हा आईने एका पतसंस्थेत पैसे ठेवले होते. व्याज चांगलं होतं. दोन वर्षं मिळालं, मग दाराला कुलूप लागलं. तेव्हापासून ती कुठल्याही ठेवीबद्दल पहिल्यांदा हेच विचारते. मी खरं ते सांगितलं, की पुढचं काही लिहिलेलं नाही. ती म्हणाली, “दगडावर लिहिलंय म्हणजे दिली असंल.”

संध्याकाळच्या एसटीत धाकटा माझ्या मांडीवर झोपला. ढकांबे गेल्यावर थोरलीने वहीत खर्च उतरवला: सगळे मिळून सहाशे दहा. उरलेले तीनशे नव्वद आईने मागून घेतले आणि रुमालात बांधले. दिवाळीनंतर रामशेजला जायचं, म्हणाली, तिथल्या गुहेतला राम बघायचाय, आणि तो तर आपल्याच तालुक्यात आहे.

तो रुमाल आता तिच्या ट्रंकेत आहे, पतसंस्थेच्या पावतीशेजारी.