घाट, डुकाटी आणि दोन जुने पट्टे

बोलोन्यात नऊ वर्षं राहिलेला मावसभाऊ, गॅरेजमधली त्याची १९९५ची लाल डुकाटी आणि ती विकायच्या आधीचा एकच शनिवार. आपल्या खंडाळ्याच्या घाटाची आठवण करून देणाऱ्या इटलीतल्या एका रस्त्यावरची ही राइड.

‘‘आवाज ऐकून घाबरू नकोस,’’ दादा म्हणाला आणि त्याने स्टार्टरचं बटण दाबलं.

मी घाबरलेच. स्टीलच्या डब्यात मूठभर चमचे टाकून कुणीतरी डबा जोरजोरात हलवावा, तसा खडखडाट सुरू झाला. मला वाटलं, गेली बिचारी! दादाने हसत क्लच सोडला. खडखडाट कमी झाला. परत दाबला, परत चमचे. ‘‘ड्राय क्लच आहे. बहुतेक गाड्यांचा क्लच तेलात बुडालेला असतो, हिचा कोरडा. म्हणून प्लेट्स वाजतात. पहाटे काढली की अख्ख्या सोसायटीला कळतं.’’

ही गाडी म्हणजे डुकाटी ९०० सुपरस्पोर्ट. ९०४ सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर, सहा गिअर. आजच्या सुपरबाइकवर असतो तसा रंगीत स्क्रीन नाही, मोड नाहीत, थंडीत सुरू करायला चक्क चोक ओढावा लागतो. काकांच्या चेतकसारखा! चेतकचं मूळ घराणं इटालियन व्हेस्पाचंच, त्यामुळे दूरचं नातं लागतं म्हणा. फक्त हिला तिरकी करून किक मारावी लागत नाही, एवढंच.

मी गेल्या सप्टेंबरात बोलोन्याला पोचले तेव्हा दादाची बांधाबांध चालू होती. वहिनी आणि छोटी जूनमध्येच पुण्याला गेल्या होत्या, शाळेची अॅडमिशन होती. इथला फ्लॅट महिनाअखेर सोडायचा होता. काकांची तब्येत दोन वर्षांपासून वरखाली होत होती आणि ‘मी आहे ना’ हे फोनवरून किती दिवस म्हणणार? फर्निचर विकून झालं होतं. उरली होती ती लाल बया.

‘‘पुण्याला नेता येत नाही का रे?’’ मी विचारलं.

‘‘वापरलेली गाडी म्हणून न्यायला ती फार म्हातारी आणि व्हिंटेज म्हणून न्यायला फार तरुण. मधल्या वयाची पंचाईत.’’ तो स्वतःही चाळिशीचा झालाय, हे मी बोलले नाही.

रेडिओवाल्यांची मोटरसायकल

बोलोन्या म्हटलं की लोकांना टॅलियातेल्ले आणि कमानींखालचे मैलोगणती फुटपाथ आठवतात. पावसात छत्रीशिवाय शहर फिरता येतं. पण शहराच्या पश्चिमेला बोर्गो पानिगाले नावाचं उपनगर आहे. तिथे डुकाटीचा कारखाना आणि त्यातच म्युझियम. दादा म्हणाला, आधी तिथे जाऊन ये, मग मागे बस.

मजा म्हणजे या कंपनीचा जन्म १९२६ मध्ये रेडिओचे सुटे भाग बनवायला झाला. डुकाटी कुटुंबातल्या वडिलांनी आणि तीन मुलांनी ती काढली. ऑक्टोबर १९४४ मध्ये दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी कारखान्यावर बॉम्ब टाकले. युद्धानंतर लोकांना रेडिओपेक्षा कामावर जायला स्वस्त वाहन हवं होतं. मग आलं कुच्चिओलो, म्हणजे ‘पिल्लू’. सायकलला जोडायचं एक छोटंसं इंजिन. आज लाखो रुपयांना मिळणाऱ्या गाड्यांची पणजी ही अशी सायकलवर बसून आली.

पुढची गोष्ट एका माणसाची आहे, इंजिनिअर फाबिओ तालियोनी. १९५४ मध्ये तो इथे आला आणि त्याने डुकाटीला ‘डेस्मो’ दिला. हा फंडा मला तीनदा समजावून घ्यावा लागला, तुम्हाला एकदाच सांगते. इंजिनमधला व्हॉल्व्ह म्हणजे एक दार समजा. नेहमीच्या इंजिनात दार उघडतो कॅम आणि बंद करते स्प्रिंग. एसी ऑफिसच्या दाराला असते ना, तशी. पण दार मिनिटाला हजारो वेळा उघडायचं असेल तर त्या काळच्या स्प्रिंगची दमछाक व्हायची. तालियोनीने स्प्रिंगवर भरवसाच ठेवला नाही. उघडायला एक हात, ओढून बंद करायला दुसरा. १९५६ मध्ये स्वीडिश ग्रां प्रीत त्याची १२५ सीसीची डेस्मो पहिल्याच स्पर्धेत जिंकली. १९७२ मध्ये इमोलाच्या दोनशे मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट आणि ब्रुनो स्पाज्जारी पहिले-दुसरे आले, तेव्हा जगाला बोर्गो पानिगालेचा पत्ता कळला. तालियोनी २००१ मध्ये गेला. डेस्मो मात्र दादाच्या गॅरेजमधल्या त्या लाल गाडीतही आहे.

आणि त्याची किंमतही आहे. प्रत्येक व्हॉल्व्हला उघडण्याची आणि बंद होण्याची, अशी दोन अंतरं असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शात मोजायची. चार व्हॉल्व्ह, आठ मापं. म्हणून जुन्या डुकाटीवाल्यांचे दोनच प्रकार: एक, ज्यांचा मेकॅनिक चांगला आहे; दोन, जे स्वतः शिकले. दादा दुसऱ्यातला.

काळ मोजणारे पट्टे

शुक्रवारी संध्याकाळी ‘उद्या घाट’ असं ठरलं आणि दादा सर्व्हिस बुक घेऊन गप्प बसला. शेवटची नोंद पाच वर्षांपूर्वीची होती.

या गाडीचे कॅम दोन रबरी दातेरी पट्ट्यांवर फिरतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या पँटा मॉडेलपासूनची ही पद्धत. त्याआधीच्या गिअर-शाफ्टपेक्षा स्वस्त आणि शांत. पट्टे तसे महाग नाहीत. पण चालत्या गाडीत एक जरी तुटला, तरी व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचं भरीत होतं. म्हणून नियम साधा आहे: इतके किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी होईल ते.

‘‘पण तू चालवलीच कुठे? पाच वर्षांत हजार किलोमीटरसुद्धा नाही!’’

उत्तर शेजारच्या आजोबांनी दिलं. हे निवृत्त मेकॅनिक, वय पंच्याहत्तरच्या पुढे. निळा डगला घालून दादाच्या गॅरेजमध्ये हक्काने येतात. त्यांनी टाकी वर उचलली (बिजागरीवर उघडते, कारच्या बॉनेटसारखी), झाकणं काढली, जुना पट्टा बोटांत उलटा वाकवला आणि माझ्यासमोर धरला. दातांच्या मुळाशी केसासारख्या बारीक चिरा. आजोबा इटालियनमध्ये काहीतरी म्हणाले. दादाने ट्रान्सलेट केलं, जरा थांबूनच: ‘‘म्हणतायत, नुसती उभी असली तरी म्हातारी होतेच.’’

गॅरेजमध्ये थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

नवे पट्टे दादाने दोन महिन्यांपूर्वीच आणून ठेवले होते. फक्त बसवले नव्हते. बसवले म्हणजे गाडी विकायला तयार झाली, असं होतं ना! त्या रात्री अकरापर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो. स्पार्क प्लग काढायचे, इंजिन हाताने फिरवत खुणा जुळवायच्या, जुने पट्टे काढून नवे चढवायचे, मग हातानेच दोन फेरे देऊन खुणा पुन्हा तपासायच्या. एक दात जरी चुकला तरी सगळं मुसळ केरात. माझं काम होतं टॉर्च धरणं आणि न बोलणं. दुसरं जास्त अवघड गेलं.

ताण किती ठेवायचा, यासाठी मोबाइलवर अॅप मिळतं. पट्टा बोटाने छेडायचा, अॅप कंपनं मोजतं. दादा तसंच करतो. आजोबांनी मात्र पट्टा आणि रोलर यांच्यामध्ये एक अॅलन की सरकवून पाहिली, मग कान जवळ नेऊन पट्टा छेडला. आपल्याकडे तंबोरा लावताना बुवा डोळे मिटतात ना, अगदी तसे डोळे मिटले. ‘‘प्यानो, प्यानो,’’ म्हणत पाव फेरा सैल केला. अॅपने नंतर त्यांचंच बरोबर असल्याचं सांगितलं.

जुना हायवे, नवा हायवे

शनिवारी सकाळी आठला निघालो. मागच्या सीटबद्दल एवढंच सांगते की तिला सीट म्हणणं हा इटालियन लोकांचा विनोद आहे. पायऱ्या इतक्या वर की गुडघे हनुवटीला लागतात. पुढे चालवणारा टाकीवर झोपलेला, मागचा त्याच्या पाठीवर.

बोलोन्याहून फ्लॉरेन्सला जाणारा हा जुना रस्ता फूताच्या घाटाचा. पियानोरो, लिव्हर्न्यानो, लोयानो, मोंगिदोरो अशी गावं घेत तो अपेनिन डोंगर चढतो. लिव्हर्न्यानोत काही घरांची मागची भिंत म्हणजे सरळ डोंगराचा कडा आहे. १९२७ ते १९५७ या काळातली प्रसिद्ध ‘मिल्ले मिल्या’ कार रेस याच वळणांवरून धावायची. १९६० मध्ये बोलोन्या ते फ्लॉरेन्स मोटरवे झाला, ट्रक आणि घाईतले लोक तिकडे गेले आणि जुना रस्ता मोकळा झाला. एक्स्प्रेस-वे झाल्यावर आपला जुना मुंबई-पुणे हायवे जसा ‘आमचा’ झाला, तसंच!

शहरात ही गाडी निव्वळ छळ करते. मनगटं दुखतात, पायाला इंजिनाची धग लागते, सिग्नलला चमचे वाजत राहतात. पण लोयानोच्या पुढे वळणं सुरू झाली आणि तीच गाडी वेगळी झाली. फार वेग नव्हता, दादा शहाण्यासारखा चालवत होता. वळणाआधी एक गिअर खाली, इंजिनाचा तो खोल ‘धडधड’, गाडी आडवी, मग थ्रॉटल आणि सरळ. तिच्या त्रिकोणी नळ्यांच्या फ्रेममधून रस्त्याचा प्रत्येक खडा कळतो. नऊ वर्षांत दादाला मी इतकं गप्प आणि इतकं मजेत पाहिलं नव्हतं.

रातीकोझाची खिंड ९६८ मीटरवर. वर बाइकवाल्यांचा अड्डा आहे. शनिवारी शेकडो गाड्या उभ्या, माणसं लेदरच्या सूटमध्ये कॉफी पितायत. एकाने आमच्या गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकून पट्ट्यांच्या झाकणाकडे बोट दाखवत विचारलं, कधी बदलले? दादा म्हणाला, काल रात्री. त्याने टाळी दिली. बाय गॉड, लग्नाची तारीख सांगितल्यासारखा दादा खूश झाला.

तिथून थोडं पुढे फूताची खिंड, ९०३ मीटर. तिथे जर्मन सैनिकांचं कबरस्तान आहे, तीस हजारांहून जास्त कबरी. दुसऱ्या महायुद्धात याच डोंगररांगेत जर्मनांची शेवटची मोठी संरक्षणफळी होती. हवा एकदम थंड झाली. दादाने पूर्वेकडे हात केला. ‘‘त्या बाजूला सेनिओ नदी आहे. आपला नामदेव जाधव तिथला.’’ मला नाव माहीत नव्हतं, लाज वाटली. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा नगर जिल्ह्यातला शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी मशीनगनच्या माऱ्यात त्याने दोन जखमी साथीदारांना एकेक करून नदीपार नेलं आणि मग परत येऊन शत्रूची ठाणी बंद पाडली. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून तो घरी परतला. परत न गेलेल्यांसाठी फोर्लीला भारतीय सैनिकांचं स्मारक आहे. दादा दरवर्षी एकदा तरी तिथे जायचा. ‘‘पहिल्या वर्षी फार एकटं वाटायचं. गाडी घेतली आणि आधी तिथेच गेलो. मराठी नावं वाचायला.’’

दोन किल्ल्या

रविवारी गिऱ्हाईक आलं. पंचविशीचा मुलगा, मोठ्या मुश्किलीने पैसे जमवलेला, हे त्याच्या बुटांवरून कळत होतं. गाडी चकाचक होती, नवे पट्टे होते. दादा काही बोलला नसता तरी चाललं असतं. पण त्याने सर्व्हिस बुक उघडलं, पाच वर्षांचा रिकामा भाग दाखवला, जुना चिरा पडलेला पट्टा हातात दिला आणि सांगितलं, ही चूक माझी, तू करू नकोस. मुलाने किंमत कमी करून मागितली. दादाने केली. मी मनात हिशोब केला, एका माणसाचं पुण्याचं विमान तिकीट गेलं. आजोबा मात्र मान डोलावत होते.

दोन किल्ल्या दिल्या. गाडी कोपऱ्यावरून वळली. चमच्यांचा आवाज बराच वेळ येत होता, मग ट्रॅफिकमध्ये विरला. दादा रिकाम्या गॅरेजमध्ये झाडू मारायला गेला. झाडून झालेलं होतं, तरी.

दुसरा जुना पट्टा त्याने बॅगेत टाकला होता. कोथरूडच्या घरी सामान उघडताना मावशीला तो सापडला. तिने उलटसुलट करून पाहिला. ‘‘हा कसला रे? गिरणीचा पट्टा?’’

‘‘तसाच काहीतरी,’’ दादा म्हणाला. मग त्याने काकांना विचारलं, ‘‘बाबा, जिन्याखालची चेतक शेवटची कधी चालू केली होती?’’

काकांना आठवेना. संध्याकाळी दोघं टॉर्च घेऊन खाली गेले.

तुम्हालाही जायचंय?

कधी: मे ते सप्टेंबर. हिवाळ्यात खिंडीत बर्फ आणि धुकं असतं.

म्युझियम: बोर्गो पानिगालेला शहरातून बसने जाता येतं. तिकीट आधी ऑनलाइन बुक करा, सुट्टीचे दिवस तपासा.

बाइक: भाड्याने मिळते, पण आपल्या लायसन्सबरोबर आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या.

जुनी डुकाटी विकत घ्यायची स्वप्नं पडत असतील तर: किलोमीटर नंतर बघा, आधी विचारा, पट्टे कधी बदलले?