बोरिंग आणि बोर

मुखेडच्या बाजारात एकानं ‘बोर झाला का?’ विचारलं, की उत्तर येतं ते फुटांत. अडीचशेला लागलं, तीनशेला लागलं, नाहीतर नुसता फुफाटाच निघाला. लागलं ते पाणी, एवढं सांगायची गरज कुणालाच वाटत नाही. हाच शब्द पुण्यात शिकायला गेलेल्या पोराच्या तोंडी कंटाळ्याचा होतो. गॅरेजातला मिस्त्री इंजिन खोलून ‘बोर करावा लागंल’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं पिस्टन असतो. जुन्या माणसांच्या गोष्टींत बारा बोरची बंदूक येते. आणि बांधावरच्या काटेरी बोरीचं बोर तर इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या खिशात आहे.

इंग्रजीत या शब्दाचा जुना अर्थ भोक पाडणं, आरपार जाणं. कंटाळ्याचा अर्थ तिथंही अठराव्या शतकातला; तो नेमका कुठून आला यावर कोशकारांचं अजून एकमत नाही. लंडनचा माणूस त्यातला ‘र’ जवळजवळ गिळतो. आपली वर्तमानपत्रं ‘बोअर’ छापतात आणि नकळत 1899 सालच्या बोअर युद्धातल्या बोअरांशी त्याचं लेखन जुळवून टाकतात. डच भाषेत त्या ‘बोअर’चा अर्थ शेतकरी. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी हा योगायोग मला फार जवळचा वाटतो. देगलूरकडं सरकलं की तेलुगू बोलणाऱ्याच्या तोंडी शेवटी उकार येऊन ‘बोरू’ होतं. आमच्याकडं कुणी ‘बोर घेतला’ म्हणतं, कुणी ‘बोर घेतलं’. लिंग अजून ठरायचं आहे. सरकारी कागदावर मात्र ‘विंधन विहीर’. विंधणं हे क्रियापद सुंदर आहे, बाणाचं आहे. पण तहान लागलेला माणूस ते उच्चारत नाही.

मला खरं सांगायचं आहे ते ‘बोरिंग’बद्दल. आमच्या भागात बोरिंग म्हणजे हापसा. 1972च्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, आणि काळ्या पाषाणात खोल भोक पाडणारी यंत्रं गावोगाव दिसू लागली. पाडलेल्या भोकावर हातपंप बसायचा. सुरुवातीचे ओतीव लोखंडाचे पंप रोजच्या शेकडो हातांखाली टिकेनात. टिकाऊ पंपाची खटपट मराठवाड्यातच, जालन्याच्या मिशनमध्ये झाली. तो ‘जालना पंप’. मग सोलापूर पंप आला. त्या अनुभवातून युनिसेफच्या मदतीनं 1970च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि पुढं आफ्रिकेतल्या खेड्यांतही पोचला. दांड्याच्या टोकाला साखळी असलेला तो पंप ज्यानं हापसला आहे, त्याच्या खांद्याला ‘बोरिंग’ शब्दाचा अर्थ पाठ आहे. चार-दोन हापशांत पाणी येत नाही. आधी दांडा हलका लागतो, मग जड होत जातो, आणि जड झाला की समजायचं, वर येतंय. तिथं घागरींची रांग असे, भांडणं होत, सासर-माहेरच्या खबरा लागत. तिथंही कुणाच्या घागरीला कुणाचा विटाळ होतो हे ठरवणारी माणसं होती, हे विसरून त्या रांगेचं कौतुक करता येणार नाही. पण पाणी कुणा एकाचं नव्हतं. ‘आमचं बोरिंग’ म्हणताना त्या ‘आमचं’मध्ये अख्खी गल्ली येई.

पुढं शब्दाची शेपटी गळाली आणि उरला तो ‘बोर’. हा ज्याचा त्याचा. त्याला दांडा नाही. खोल सोडलेली मोटर, वर स्टार्टर, आणि लाइटची वाट. पाणाड्या हातावर नारळ धरून रानभर फिरतो, जागा दाखवतो. रात्री-अपरात्री बोरची गाडी येते. या गाड्यांतल्या कित्येक तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. त्यांवरची पोरंही तिकडचीच, आणि आमच्या दगडाचा कुठला थर किती फुटांवर बदलतो हे ती आमच्यापेक्षा चांगलं जाणतात. खडकात पाणी साठतं ते भेगेत. भेग सापडली तर दोन इंची पाणी, हुकली तर फुटाच्या भावानं मोजलेले पैसे धुळीत. मग शेजारचा खोल गेला म्हणून आपणही खोल जायचं, आणि वरची विहीर दोघांचीही कोरडी. 60 मीटरच्या खाली शेतीसाठी विंधायला 2009च्या भूजल कायद्यानं मनाई केली आहे. शिवारात ही मनाई कुणाला अडवताना दिसत नाही. 2016च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. लातुरात तेव्हा बोर काही कमी नव्हते.

दोष यंत्राचा नाही आणि शेतकऱ्याचा तर नाहीच. ऊस नसला तरी गुरं असतात, लेकरं असतात. पण पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं काम गावाचं, आणि उपसायचा हक्क मात्र एकेकाचा, अशी वाटणी आपण कधी मान्य केली, ते कुठल्याच ग्रामसभेच्या ठरावात सापडत नाही.

अलीकडं सोयरिकीच्या बैठकीत मुलीचा बाप जमिनीच्या आधी बोर विचारतो. ‘आहे’ म्हटलं की तेवढ्यावर त्याचं भागत नाही. तो विचारतो, ‘कोणत्या महिन्यापर्यंत चालतो?’